आत्ताचा दाब

६ नोव्हेंबर

स्क्रीन आज पुन्हा लाल झाली, आणि नेमके तेव्हाच खाणीचे साहेब समोर बसलेले. हे साहेब बोलताना माणसाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघतात, म्हणून आम्ही घरात त्यांना घड्याळसाहेब म्हणतो. "हे काय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, काही बिघडलेलं नाही, फक्त दरीतून निरोप आलेला नाही. "मग लाल कशाला?" दादा हसत मध्ये पडला. "साहेब, पुढच्या वेळी याल तेव्हा हिरवं दिसेल." शब्द देऊन मोकळा झाला. निस्तरायचं मी.

ही वही घेतली ती डोक्यातली भणभण कुठेतरी ओतावी म्हणून. तर कामाचंही थोडं लिहायला हवं. डोंगरातल्या खाणीत दगड पिठासारखा दळतात, पाण्यात कालवतात आणि तो राखाडी गाळ पंपाने नळात ढकलतात. नळ एका खोल दरीतून, ओढा ओलांडून, पलीकडच्या कारखान्यात जातो. वाटेत व्हॉल्व्हची चेंबरं आहेत, म्हणजे बुटक्या दगडी खोल्या. प्रत्येकीत दाब मोजणारा आमचा सेन्सर आणि छपरावर उपग्रहाकडे निरोप पाठवणारा डबा. मोबाइल तिथे नावालाही लागत नाही. दरीच्या भिंती इतक्या उभ्या, की वर आभाळाची एक चिंधी दिसते म्हणे. त्या चिंधीतून उपग्रह सरकला तर निरोप येतो. नाही तर डबा सगळे गिळून बसतो आणि कधीतरी एकदम ओकतो.

"म्हणे", कारण मी तिथे गेलेली नाही. दादा गिऱ्हाइकं आणतो, वहिनी डोंगर चढून यंत्रं बसवते, आणि मी टायरच्या दुकानावरच्या या खोलीत स्क्रीनपुढे बसते. कंपनी म्हणजे आम्ही तिघंच.

९ नोव्हेंबर

सुटलं! इतकं सोपं होतं की स्वतःचाच राग आला. नवा आकडा आला नाही तर शेवटचा आलेला धरून ठेवायचा. रंग हिरवाच. दाब काही क्षणाक्षणाला बदलत नाही, मग उगाच लाल दिवे लावून लोकांचं काळीज का उडवायचं?

ठिपक्यांचंही तसंच केलं. दरीत जाणाऱ्या माणसाच्या हातात जागा सांगणारं यंत्र असतं. पण उपग्रहाच्या लहरी कड्यांवर आपटून फिरून येतात, आणि ठिपका माकडासारखा उड्या मारतो. वहिनी ओढ्याच्या या काठाने चालत असते आणि स्क्रीनवर ती पलीकडच्या काठावर, मध्येच हवेत, मध्येच पाण्यात. आता मागच्या बऱ्याच ठिपक्यांची सरासरी काढून एकच शांत ठिपका दाखवते.

दादा खूश. "छोटे, सोन्याची आहेस तू!" म्हणून टपली मारली. लहानपणी मारायचा तशी.

वहिनीने आल्या आल्या बॅग न ठेवताच स्क्रीन बघितली. "हा आकडा कधीचा?"

"शेवटचा."

"शेवटचा म्हणजे कधीचा?"

या बाईला कौतुकाचा एक शब्द खर्च करवत नाही. मी म्हटलं, हवं असेल तर रेकॉर्डमध्ये जाऊन वेळ बघता येते. "मी तिथे खडकावर बसून रेकॉर्ड बघू?" म्हणाली आणि चिखलाचे बूट घेऊन मोरीकडे गेली.

१२ नोव्हेंबर

घड्याळसाहेब येऊन गेले. सगळं हिरवं. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.

तरी बसवत नाही. खुर्चीत पाच मिनिटं टेकले की उठून खिडकीशी जाते. खाली टायरवाला चाक काढतो, चाक घालतो. परत येऊन बघते, आकडे तसेच. तेच ते आकडे बघून बरं वाटायला हवं ना? मला मात्र बंद दारापाशी उभं राहिल्यासारखं वाटतं. चहा जास्त होतोय बहुतेक.

१५ नोव्हेंबर

रात्रीच्या जेवणाला वहिनी दादाला म्हणाली, "हिला एकदा दरीत घेऊन जाते. चार दिवस इथलं तू बघ."

मी ताटावरून मान वर केली नाही. म्हणजे आता मी स्क्रीनपुढेही नको! दादा लगेच म्हणाला, "तिला कशाला? ती इथे हवी." दादा आहे म्हणून टिकलेय मी या कंपनीत. आई म्हणाली, "जाऊन आली तर बिघडलं काय?" आईला यातलं काय कळतंय.

वहिनी भांडी घासताना पुन्हा विषय काढत होती. मी डोकं दुखतंय म्हणून उठले.

१८ नोव्हेंबर

रविवार असूनही खोलीवर गेले होते. थोड्या वेळाने वहिनी आली, न विचारता माझी स्क्रीन बंद केली. "घरी चल. डोळे बघ आरशात." जणू मी तिची नोकर आहे. वाटेत तिने पेरू घेतले. मला कापून दिले. मी खाल्ले नाहीत.

२१ नोव्हेंबर

चार आणि पाच नंबरच्या चेंबरचे सेन्सर गाळाने तुंबत चाललेत, बदलायला हवेत. चार ओढ्याच्या अलीकडे, पाच पलीकडे. मध्ये पाण्यातून दगडांवर पाय ठेवत जाण्यासारखी वाट आहे म्हणे, एकटा माणूस जाऊ शकतो. स्ट्रेचर वगैरे न्यायचं तर पूल आहे, पण तो पार वरच्या अंगाला.

खाणीचा फिटर रजेवर. वहिनी म्हणाली, तो आल्यावर जाऊ. दादा म्हणाला, "मी घड्याळसाहेबांना उद्याचा शब्द दिलाय. दुपारपर्यंत लाइन परत चालू." वहिनी म्हणाली, "पूर्वी काट्याचं मीटर होतं चेंबरमध्ये. ते काढायला नको होतं आपण." दादा म्हणाला, "अगं, ती मीटरं कुणी बघत होतं का? आता स्क्रीन आहे, ही आहे." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मला खरं तर बरं वाटलं. वहिनी एकटी जातेय उद्या.

२२ नोव्हेंबर

जे झालं ते क्रमाने लिहिते, नाही तर डोकं फुटेल.

सकाळी जीपचं चाक पंक्चर निघालं, वहिनीला निघायलाच उशीर झाला. ड्रायव्हरने तिला रस्ता संपतो तिथे सोडलं आणि तो खाणीवर गेला. खाणीच्या पंपवाल्याने ठरल्याप्रमाणे पंप बंद केला. स्क्रीनवर दाब उतरत उतरत शून्यावर आला. मग दरी गप्प झाली. रोजच होते.

मी जेवणाचा डबा उघडला आणि वहिनीचा फोन आला. चेंबरच्या आत तिचा सॅटेलाइट फोन लागत नाही, बाहेर एका खडकावर चढावं लागतं. आवाज तुटत होता.

"लाइनचा दाब किती?"

"शून्य."

"आत्ताचा आहे ना?"

मी स्क्रीनकडे बघितलं. हिरवं. शून्य.

"हो."

"बरं. मग खोलते." आणि फोन तुटला.

कुठल्या चेंबरला आहेस, हेसुद्धा मी विचारलं नाही. घास हातात होता माझ्या.

मग पंपवाल्याचा फोन. पंपाच्या ठाण्यात साधा तारेचा फोन आहे, तो कधी बंद पडत नाही. त्याच्या खिडकीखालून ओढा जातो.

"मॅडम, ओढ्याचं पाणी राखाडी झालंय. नळ फुटला का कुठे?"

"पंप बंद असताना गाळ कुठून येईल?"

"बंद? पंप चालू आहे की."

"कधीपासून?"

"बराच वेळ झाला. तुमच्या साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं, तुमचे भाऊ हो, बारा वाजले की चालू कर म्हणून."

"आधी बंद करा तो!" मी ओरडले. दादा समोरच होता. मी काही बोलायच्या आधीच त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तोपर्यंत झालं असेल तिचं," म्हणाला. "उशीर होतोय तर तिने कळवायला नको?"

वहिनीचा फोन लागेना. स्क्रीनवर तिचा ठिपका शांत, पलीकडच्या काठावर, पाच नंबरच्या चेंबरला टेकलेला. दादाने कारखान्याला फोन केला. त्यांची गाडी, स्ट्रेचर, माणसं सगळं पलीकडे आहे. "पाच नंबरला जा, लवकर." मी त्याचा दंड धरला. "थांब. तो ठिपका खरा नाही."

"म्हणजे काय? डोळ्यांनी दिसतोय."

सरासरी काढण्याआधीचे ठिपके मी फेकून दिले नव्हते, नशीब. ते उघडले. नुसता सडा पडला होता, दोन्ही काठांवर. पण प्रत्येक ठिपक्यासोबत यंत्राला तेव्हा किती उपग्रह दिसत होते ते येतं. एक एक बघत गेले. ज्यांना जेमतेम उपग्रह दिसले होते ते सगळे पलीकडे. बरे दिसले होते ते, थोडेच होते, पण सगळे अलीकडे. चार नंबर.

"मग स्क्रीन पाच का दाखवतेय?" दादा ओरडला.

"कारण मी तिला तसं शिकवलंय."

कारखान्याची माणसं निघालेली होती. त्यांना दादाने थांबवलं नाही, मीही थांबव म्हटलं नाही. माझंही चुकत असेल तर? अलीकडच्या काठावर जवळ फक्त पंपवाला. त्याला फोन केला. "पंप तसाच बंद ठेवा आणि चार नंबरला चढा."

"मॅडम, पंप सोडून कसा जाऊ? नोकरी जाईल माझी."

"मी सांगितलं म्हणून सांगा. वहिनी आहे हो तिथे."

रिसीव्हर आपटल्याचा आवाज आला.

त्यानंतर करण्यासारखं काहीच नव्हतं. खोलीत दादा भिंतीपासून खिडकीपर्यंत जायचा, मी खिडकीपासून भिंतीपर्यंत. दोनदा एकमेकांना धडकलो. मध्येच आईचा फोन आला, गॅस संपलाय म्हणून. दादा म्हणाला, "हो आई, सगळं ठीक, येताना बघतो." घड्याळसाहेबांशी बोलतो तोच आवाज. तोच गोडवा. हा आवाज मी जन्मापासून ऐकत आलेय.

आधी कारखान्याच्या लोकांचा निरोप आला. पाच नंबरला कुणी नाही. कुलूपसुद्धा उघडलेलं नाही. दादा खाली फरशीवरच बसला.

मग वहिनीच्या फोनवरून पंपवाला बोलला. धाप लागली होती, रडत होता की काय कळेना. "सापडल्या. जिवंत आहेत. हात वेडावाकडा झालाय. ऐकू येत नाहीये त्यांना."

२३ नोव्हेंबर

दवाखाना. गळपट्टीचं हाड आणि डावा हात मोडलाय. डाव्या कानाचा पडदा फाटलाय. डोळ्यांत गेलेला गाळ धुऊन काढला, पट्टी उद्या सुटेल. डॉक्टर म्हणाले, डोळे वाचले.

सेन्सर काढायच्या आधी बंद करायची एक छोटी तोटी असते. ती तिने फिरवली होती, पण गाळ अडकून ती पुरती मिटलीच नाही. नळ खरंच रिकामा असता तर काही बिघडत नव्हतं. शेवटचा आटा सुटला आणि सेन्सर गोळीसारखा सुटून तिच्या खांद्यावर बसला. मागून गाळाची धार. दगडी भिंतीवर फेकली गेली.

मी "वहिनी" म्हटलं. तिने मान वळवली, माझ्याकडे नाही, दाराकडे. मी डाव्या बाजूला उभी होते हे नंतर लक्षात आलं. उजवीकडे जाऊन पुन्हा म्हटलं. तिने ऐकलं.

आई मला बाहेर घेऊन गेली. "तू काय केलंस?" तिने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "तुझी वहिनी मला म्हणाली होती, तुला तिकडे न्यायचंय. तुला तिथलं बघायला मिळालं तर तुझंच काम सुधारेल, म्हणाली. तू पुढे ही कंपनी सांभाळशील असं वाटतं तिला."

हे मला कुणी सांगितलं का नाही? की मी उठून गेले तेव्हा सांगत होती?

२४ नोव्हेंबर

एक फोन. पंपवाल्याला एक फोन करून विचारलं असतं, "पंप बंदच आहे ना?" टेबलावर फोन होता, डब्याच्या बाजूला. झाकण त्याला टेकलेलं होतं.

२६ नोव्हेंबर

दादा कागद घेऊन आला. खाणीला द्यायचं पत्र. तोटी जुनी होती, तोटी खाणीची होती, तोटीची देखभाल त्यांची होती. हे सगळं खरंच आहे. पुढे लिहिलंय, "आमच्या यंत्रणेने त्या वेळी उपलब्ध असलेली माहिती अचूक दाखवली."

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"खोटं कुठे आहे? उपलब्ध असलेली, असं लिहिलंय."

"दादा, तिने मला विचारलं होतं, आत्ताचा आहे का. मी हो म्हटलं."

"ते तुझं-तिचं फोनवरचं बोलणं. ते कशाला कागदावर यायला हवं? छोटे, मी तुलाच वाचवतोय."

इतकी वर्षं मी या वाक्यावर विसंबून राहिले. आज पहिल्यांदा वाटलं, याच्या वाचवण्यात मी नेहमी त्याच्या पुढे उभी असते, मागे नाही. पत्रावर सही केली नाही. त्याने दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. ते जास्त लागलं.

२९ नोव्हेंबर

घड्याळसाहेबांकडे बैठक. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, खिडकीतून खाणीचा राखाडी डोंगर. दादाने तोटीपासून सुरुवात केली. छान बोलत होता. साहेब माना डोलवत होते. मला वाटलं, मी गप्प बसले तर पाच मिनिटांत सगळे चहा घेऊन उठतील.

मी म्हटलं, "साहेब, आमची स्क्रीन जुना आकडा दाखवत होती. नवा निरोप आला नाही तरी हिरवंच दाखव, असं मी तिला करून ठेवलं होतं. मी तोच आकडा आत्ताचा म्हणून सांगितला." आवाज फाटला, पण वाक्य पूर्ण झालं.

त्यांनी मनगटाकडे बघितलं नाही. "हिरवं करा असं कोण म्हणालं होतं?" त्यांनी विचारलं. बहुधा त्यांना स्वतःलाच आठवलं, कारण लगेच दुसरं विचारलं, "आणि काम चालू असताना पंप कुणी सुरू करायला लावला? आमचा माणूस आपणहून नाही करणार."

मला माहीत होतं. मी माझं सांगितलं होतं, दादाचं माझ्या तोंडून बाहेर पडेना. बाटलीचं झाकण कुणीतरी फिरवत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. पंपवाला भिंतीशी उभा होता, त्याने दादाकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी," दादा म्हणाला. खिडकीकडे बघून. मग पुन्हा, साहेबांकडे बघून, "मी सांगितलं. तिला विचारलं नाही."

त्यात गोडवा नव्हता. मी त्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. घोगरा, आमच्या वडिलांसारखा.

काम काढून घेतलं. सगळी चेंबरं पुन्हा काट्याच्या मीटरवर गेली, आमचे डबे उतरवायला सांगितलेत. पुढे कधी घ्यायचं ते बघू, म्हणाले. जिन्यात दादा म्हणाला, "पंपाचं आता घरी जाऊन तिला सांगायला हवं." जीपमध्ये बसला आणि बराच वेळ किल्लीच फिरवेना.

३ डिसेंबर

स्क्रीन बदलली. कुणी बघणार नाहीये सध्या, तरी बदलली. निरोप नसेल तर आकडाच नाही, रिकामी चौकट. ठिपक्याभोवती एक मोठं वर्तुळ, की माणूस याच्या आत कुठेतरी आहे. बघायला ओंगळ दिसतं. दिवसभर ओंगळच दिसत राहिलं, आणि मी उठले नाही.

७ डिसेंबर

वहिनी घरी आल्यापासून मी रोज तिच्या खोलीत जाते, उजव्या बाजूला बसते, आणि एका वाक्यात रडायला लागते. ती भिंतीकडे बघते. दादा तिच्याशी हळू बोलतो, ती त्याला जेवढ्यास तेवढं उत्तर देते. घरात सगळे चवड्यांवर चालल्यासारखे वावरतोय.

आज आई मावशीकडे गेली होती, दादा डबे उतरवायला दरीत. हो, स्वतः गेलाय, फिटरबरोबर. वहिनी दारात आली आणि म्हणाली, "केस धुवायचेत. एका हाताने होत नाही."

मोरीत पाटावर बसली, प्लास्टरवर पिशवी बांधली. मी कोमट पाणी ओतलं, साबण लावला. फेस पांढरा यायला हवा ना, राखाडी आला. दवाखान्यात दोनदा धुतले होते, तरी मुळाशी बारीक रेती. बोटांना पिठासारखी लागत होती. मी पाणी ओतते, राखाडी ओघळ मोरीकडे जातो. पुन्हा ओतते, पुन्हा. माझं सुरू झालं. "वहिनी, मी खरंच..."

"बास!"

मी तांब्या खाली ठेवला.

"रोज येऊन रडतेस. मग मी काय करायचं? मीच तुला समजवायचं? मी?" पाठमोरी होती, पण आवाज मोरीभर घुमला. आपण किती मोठ्याने बोलतोय ते तिला बहुतेक कळत नसावं. "मी तुला विचारलं होतं. आत्ताचा आहे ना, असंच विचारलं होतं, शब्द न शब्द. माहीत नाही म्हणाली असतीस तर मी खडकावर बसून राहिले असते. दिवसभर बसले असते, मला काय घाई होती? घाई तुझ्या भावाला होती. तिथे पडले होते ना, तेव्हा मला वाटत होतं, ही आता स्क्रीनकडे बघत असेल आणि सगळं हिरवं असेल. तो विचार जास्त भयंकर होता, हात नव्हे. चीड आहे मला तुझी. त्याचीही आहे. दोघांची आहे, सारखी नाही, पण आहे!"

लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी एवढं सलग कधी बोलली नव्हती. मला काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही. भीती वाटली, आणि किती दिवसांनी पहिल्यांदा पाय जमिनीवर टेकल्यासारखे झाले.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं," मी उजव्या कानाशी वाकून म्हटलं.

"मग रडू नकोस. मला अजून बरेच दिवस रागावायचंय." तिने मान पुढे झुकवली. "तोवर केस तरी नीट धू. मागे, मानेपाशी. तिथे फार खाजतंय."

मी पुन्हा साबण लावला.